लॉगिन होतं, पण यादी येत नाही: दूरच्या सर्व्हरवर फ्रेमच्या आकाराची अडचण कशी शोधायची

धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या घरी मी बसलो होतो, तेवढ्यात भाच्याचा फोन आला. सियागंजातल्या एका घाऊक व्यापाऱ्याचं बिलिंग आम्ही दोघं सांभाळतो. दुकान इथे, सर्व्हर मुंबईच्या एका डेटा सेंटरमध्ये.

“मामा, लॉगिन होतंय. तारीख विचारली तर लगेच सांगतो. पण बिलांच्या फोल्डरची यादी मागितली की जागच्या जागी बसतो. खिडकी बंद करून परत शिरलो, पुन्हा तेच.”

“आज दुकानात काय बदललंत?”

“काही नाही. दुपारी राउटर तेवढा नवा लावलाय.”

कनेक्शन लागतं, छोटं उत्तर येतं आणि मोठं उत्तर मागितलं की सगळं थिजतं. हे तीन धागे एकत्र दिसले की मी स्पीड टेस्ट करत बसत नाही, सर्व्हर रीस्टार्ट तर मुळीच करत नाही. वाटेत कुठेतरी मोठं पॅकेट मावत नाही, एवढं धरून मी मोजमापाला लागतो. ते मोजमाप कसं करायचं आणि दुरुस्ती नेमकी कुठे करायची, हे खाली लिहितो. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत टाइप करायच्या, आणि जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

आधी बाइटांचा हिशोब

डेटा तारेवरून पाकिटांत जातो: सगळ्यात बाहेरचं पाकीट म्हणजे फ्रेम, तिच्या पोटात पॅकेट. साध्या इथरनेट फ्रेमच्या पोटात १५०० बाइट मावतात. या मर्यादेला एमटीयू म्हणतात. बाहेरून १४ बाइटांचं हेडर आणि शेवटी ४ बाइटांची तपासणी बेरीज लागते, म्हणजे तारेवर धावणारी फ्रेम १५१८ बाइटांची होते. व्हीलॅनचा टॅग (एकाच तारेवरची वेगळी नेटवर्कं ओळखायची चिठ्ठी) असेल तर १५२२. पोटातल्या १५०० पैकी आयपीव्ही४चं हेडर २० आणि टीसीपीचं २० खातं. उरतात १४६०, आणि तो एमएसएस, म्हणजे एका पॅकेटात मावणारा नुसता मजकूर. आपण एका वेळी किती घेऊ शकतो हे दोन्ही टोकं कनेक्शन लागतानाच एकमेकांना सांगतात, ते याच आकड्यात. टीसीपीचे टाइमस्टँप सुरू असले तर आणखी १२ जातात, म्हणून लिनक्सवर बरेचदा १४४८ दिसतात. आयपीव्ही६चं हेडर ४० बाइटांचं आहे, त्यामुळे तिथे १५०० मधून १४४० उरतात.

आता वाटेत कुणी आणखी एक पाकीट चढवलं की आतली जागा घटते. घरोघरी आलेल्या फायबरवर युजरनेम-पासवर्ड टाकून जे पीपीपीओई कनेक्शन चालतं, त्याला ८ बाइट लागतात: १५०० मधून १४९२ उरतात आणि एमएसएस १४५२ होतो. टनेल म्हणजे एक पॅकेट दुसऱ्याच्या पोटात घालून नेणं; जीआरई, व्हीएक्सलॅन, वायरगार्ड हे त्याचे प्रकार. जीआरई २४ घेतो, म्हणून १४७६. व्हीएक्सलॅन ५० घेतो, म्हणून १४५०. वायरगार्ड बाहेरून आयपीव्ही४वर चालत असेल तर ६० घेतो, आयपीव्ही६वर ८०. त्याचा नेहमीचा १४२० हा आकडा १५०० वजा ८० असा आलेला आहे. हे पाच-सहा आकडे एका कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवून ठेवा. पुढे मोजताना १४९२ किंवा १४५० समोर आला की वाटेत काय बसलंय ते आपसूक कळतं.

वाट अरुंद आहे हे सर्व्हरला कळण्याची सोय आयपीत आहे. १९९० साली आरएफसी ११९१ मध्ये ती लिहून ठेवली गेली. पाठवणारा प्रत्येक पॅकेटवर ‘तुकडे करू नका’ असा शिक्का मारतो. ज्या राउटरला ते पुढे मावत नाही तो पॅकेट टाकून देतो आणि मागे निरोप धाडतो: मावत नाही, माझ्याकडे १४९२ च जातात. हा निरोप आयसीएमपीचा (नेटवर्कमधल्या अडचणी कळवायची भाषा), प्रकार ३, कोड ४. आयपीव्ही६मध्ये तो आयसीएमपीव्ही६चा प्रकार २ आहे, आणि तिथे वाटेतले राउटर तुकडे करतच नाहीत, म्हणून निरोप पोचणं आणखी गरजेचं.

जुन्या इंदुरातल्या वाड्याचा दिंडी दरवाजा आठवा. माणूस वाकून आत जातो, कपाट अडकतं. अडकलं तर हरकत नाही, बाहेर हमालाला तसं कुणीतरी सांगितलं म्हणजे झालं. तो निरोपच बाहेर पोचला नाही तर हमाल तेच कपाट परत परत दाराशी आणत राहतो. आपला सर्व्हर नेमकं हेच करत असतो. म्हणून माझं ठाम मत असं: आकार कमी करणं ही मलमपट्टी आहे. निरोप कुठे मेला हे शोधणं ही दुरुस्ती.

एक फरक मात्र सुरुवातीलाच मनात पक्का करा. अरुंद जागा राउटरवर असेल तर निरोप निघतो. ती स्विचवर असेल तर निघतच नाही. स्विच मोठी फ्रेम गुपचूप टाकून देतो, कारण आयपीचे निरोप लिहिणं हे त्याचं काम नाही. पहिल्या प्रकारात निरोपाचा माग काढायचा, दुसऱ्यात स्विचचे काउंटर वाचायचे.

लक्षण पक्कं करणं

सगळंच एमटीयूवर ढकलू नका. दहा मिनिटं काहीच टाइप न केल्यावर सेशन मरत असेल तर वाटेतल्या नॅटने (अनेक संगणकांना एकच बाहेरचा पत्ता देणारी राउटरची सोय) कनेक्शन विसरलेलं असतं. त्याला एसएसएचमधलं (दूरच्या सर्व्हरवर शिरायचा प्रोग्रॅम) सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल लागतं. पासवर्ड विचारण्याआधी बराच वेळ थांबून मग सगळं सुरळीत चालत असेल तर बहुधा डीएनएसची उलटी चौकशी (पत्त्यावरून नाव शोधणं) अडकलेली असते. छोटं-मोठं सगळंच अडखळत असेल तर पॅकेट गळत आहेत. आकाराची अडचण दरवेळी त्याच जागी अडते, हीच तिची खूण.

कधी कधी लॉगिनही होत नाही. अशा वेळी एसएसएच -व्ही लावून बघा. शेवटची ओळ ‘एक्सपेक्टिंग एसएसएच२ एमएसजी केईएक्स ईसीडीएच रिप्लाय’ अशी असेल आणि पुढे काहीच नसेल, तर किल्ल्यांच्या देवाणघेवाणीतलं पहिलं मोठं पॅकेट वाटेत गेलं असण्याची दाट शक्यता. ओपनएसएसएच ९.० (२०२२) पासून किल्ल्यांची देवाणघेवाण मुळातच जास्त बाइटांची झाली आहे, त्यामुळे आधी निभावून जाणारी वाट क्लायंट अपडेट केल्यावर अडलेली दिसू शकते. परीक्षा म्हणून -ओ केईएक्सअल्गोरिदम्स=कर्व्ह२५५१९-एसएचए२५६ असा जुना, छोटा पर्याय देऊन बघा. शिरता आलं तर संशय बळावला. हे फक्त परीक्षेपुरतं. ते कायम ठेवू नका.

लटकलेल्या सर्व्हरवर काम करायचं कसं, हा पुढचा प्रश्न. इथे एक युक्ती फार उपयोगी पडते आणि तिच्यात सर्व्हरला काडीचा धोका नाही: आकार आपल्या स्वतःच्या संगणकावर कमी करायचा.

आयपी लिंक सेट डेव्ह ईटीएच० एमटीयू १४००

यातलं ईटीएच० हे नेटवर्क कार्डाच्या इंटरफेसचं नाव. आता नवं एसएसएच सेशन उघडलं की तुमचा संगणक सर्व्हरला ‘मी १३६० घेतो’ असं सांगेल आणि सर्व्हर त्याहून मोठं पाठवणारच नाही. भाच्याला मी फोनवर हेच करायला सांगितलं. दोन मिनिटांत तो म्हणाला, “मामा, यादी आली.” त्या एका वाक्यात निदान झालं होतं. जुन्या सेशनवर याचा परिणाम होत नाही, नवंच उघडावं लागतं. सगळ्या इंटरफेसला हात लावायचा नसेल तर आयपी राउट ॲड या कमांडने त्या एका सर्व्हरपुरता राउट घालून त्यात ॲडव्हएमएसएस १३६० दिलं तरी तेच साधतं.

वाट मोजणं, दोन्ही बाजूंनी

लिनक्सवरून मोजायचं असं:

पिंग -एम डू -सी ४ -एस १४७२ सर्व्हरचा-पत्ता

यात एम मोठा, बाकी अक्षरं लहान. ‘-एम डू’ म्हणजे तुकडे न करण्याचा शिक्का. १४७२ का, तर त्यात आयसीएमपीचे ८ आणि आयपीचे २० मिळवले की बरोबर १५०० होतात. आयपीव्ही६साठी तोच आकडा १४५२. विंडोजवर शिक्क्यासाठी -एफ आणि आकारासाठी -एल, मॅकवर शिक्क्यासाठी मोठा डी आणि आकारासाठी -एस. हिशोब सगळीकडे सारखाच.

तीन प्रकारची उत्तरं येऊ शकतात. उत्तर नीट आलं तर १५०० जातात. ‘फ्रॅग नीडेड अँड डीएफ सेट, एमटीयू = १४९२’ असं आलं तर वाट अरुंद आहे, पण निरोप तुमच्यापर्यंत पोचतोय. काहीच आलं नाही तर दोन शक्यता उरतात: निरोप मेला, किंवा समोरचा पिंगला उत्तरच देत नाही. म्हणून आधी ५६ बाइटांचं साधं पिंग चालतं का ते बघून घ्या. नाहीतर सगळं मोजमाप वाया जाईल.

शांतता पसरली तर मधला आकडा शोधायचा. १२०० जातात आणि १४७२ जात नाहीत असं समजा. मग १३३६, ते गेले तर १४०४, असं अर्धं-अर्धं करत जायचं. आठ-नऊ फेऱ्यांत बाइटापर्यंत पोचता येतं. सापडलेल्या आकड्यात २८ मिळवा आणि कागदावरच्या यादीशी ताडून बघा. ट्रेसपाथ ही कमांड याच कामासाठी आहे. ती ‘पीएमटीयू’, म्हणजे सबंध वाटेचा एमटीयू, कुठल्या टप्प्यावर घसरला ते ओळीनिशी दाखवते. मी दोन्ही वापरतो, कारण ट्रेसपाथ निरोपांच्या भरवशावर चालते आणि आपली शंका नेमकी निरोपांवरच आहे.

भाच्याने दुकानातून मोजलं तेव्हा १४६४ गेले आणि १४६५ला राउटरकडून १४९२चा निरोप आला. पीपीपीओई, अगदी पुस्तकातल्यासारखं. “मग राउटर निरोप देतोय की, मामा. अडलं कुठे?” असं त्याने विचारलं. प्रश्न रास्त होता, आणि बरेच जण इथेच थांबतात.

अडलं होतं परतीच्या वाटेवर. यादी मुंबईहून इंदूरला येते, इंदूरहून मुंबईला जात नाही. भाच्याच्या पिंगने जाण्याची वाट मोजली होती. पिंगच्या उत्तरावर ‘तुकडे करू नका’ हा शिक्का असेलच असं नाही. लिनक्स सर्व्हर तो मारत नाही, म्हणून परतीचं पॅकेट तुकडे होऊनही येऊ शकतं आणि आपण फसतो. शिवाय आणखी एक खूण समोरच होती: दुकानातून सर्व्हरवर मोठी फाइल चढत होती, उतरत नव्हती. म्हणजे मोजायचं सर्व्हरवरून दुकानाकडे.

सर्व्हरवरून दुकानाच्या बाहेरच्या पत्त्यावर तेच पिंग केलं. १४६४ला उत्तर. १४७२ला ना उत्तर, ना निरोप. नुसती शांतता.

निरोप कुठे मेला

आता सर्व्हरवर दोन खिडक्या उघडा. पहिलीत:

एसएस -टीआय

इथे अडकलेल्या सेशनची ओळ शोधा. सेंड-क्यूमध्ये बाइट साचलेले दिसतील आणि हलणार नाहीत. खालच्या ओळीत पीएमटीयू:१५००, एमएसएस:१४४८, पुढे रिट्रान्सचा आकडा आणि वाढत जाणारा बॅकऑफ. सर्व्हर तेच पॅकेट दर खेपेला दुप्पट थांबून परत धाडतोय, आणि वाट अजून १५००चीच आहे अशी त्याची समजूत आहे.

दुसऱ्या खिडकीत, येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारी ही कमांड:

टीसीपीडंप -एनआय ईटीएच० 'आयसीएमपी[०]=३ अँड आयसीएमपी[१]=४'

भाच्याला म्हटलं, “आता दुकानातून यादी माग.” त्याने एंटर दाबलं आणि माझ्या पडद्यावर ओळ उमटली: ‘अनरीचेबल, नीड टू फ्रॅग, एमटीयू १४९२’. अर्ध्या सेकंदाने दुसरी. मग तिसरी, थोड्या उशिराने. मग चौथी, आणखी उशिराने. इंटरनेट पुरवठादाराचा राउटर इमानेइतबारे निरोप पाठवत होता, तो मुंबईच्या सर्व्हरच्या दारापर्यंत येतही होता. टीसीपीडंपला पॅकेट फायरवॉलच्या आधी दिसतं, हे इथे ध्यानात घ्यायचं. निरोप इथे दिसतो आणि तरी पीएमटीयू १५०० वरून हलत नाही, याचा अर्थ एकच: सर्व्हरचा स्वतःचा फायरवॉल तो टाकून देतोय.

आयपीटेबल्सची, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलच्या नियमांची, यादी काढली. वरच्या दोन ओळींत इको रिक्वेस्ट आणि इको रिप्लायला परवानगी, तिसऱ्या ओळीत उरलेलं सगळं आयसीएमपी बंद, आणि चालू कनेक्शनच्या संबंधित पॅकेटांना आत घेणारा ‘रिलेटेड, एस्टॅब्लिश्ड’ नियम त्याच्याही खाली. तो नियम वर असता तर निरोप आपोआप आत आला असता. पिंग चालतं म्हणून आयसीएमपी चालू आहे असं सगळे धरून चालले होते. पिंग हा आयसीएमपीचा एक प्रकार झाला, आपल्या कामाचा निरोप दुसरा.

मग इतके दिवस चाललं कसं? जुना राउटर कनेक्शन लागतानाच एमएसएसचा आकडा १४५२ वर उतरवून पुढे पाठवत होता, त्यामुळे सर्व्हरने कधी मोठं पॅकेट पाठवलंच नाही आणि निरोपाची वेळच आली नाही. नव्या राउटरमध्ये ती सोय बंद होती. चूक सर्व्हरवर जुनी होती, ती नव्या राउटरने उघडी पाडली. ‘काही बदललं नाही, राउटर तेवढा बदलला’ असं कुणी म्हणालं की म्हणूनच माझे कान टवकारतात.

टीसीपीडंपमध्ये निरोप दिसलेच नाहीत तर ते सर्व्हरच्या अलीकडे मरत आहेत. मग डेटा सेंटरचा फायरवॉल, क्लाउडचा सिक्युरिटी ग्रुप किंवा पुरवठादार. त्यांना तक्रार लिहिताना ‘नेट स्लो आहे’ असं लिहू नका. कुठून कुठे, कोणत्या आकाराचं पॅकेट गेलं, कोणत्या आकाराचं गेलं नाही, आणि प्रकार ३ कोड ४चे निरोप पोचत नाहीत, एवढं चार ओळींत लिहा. अशी तक्रार पहिल्या पायरीवरचा माणूस परतवत नाही, वर पाठवतो.

हात लावण्याआधी परतीची दोरी

दूरच्या सर्व्हरवर फायरवॉल किंवा एमटीयू बदलणं म्हणजे बसलेली फांदी तोडणं होऊ शकतं. इंदूरहून मुंबईच्या रॅकपर्यंत कुणी धावत जाणार नाही. म्हणून बदल करण्याआधी तो उलटवणारी कमांड टायमरवर लावून ठेवा:

सिस्टिमडी-रन --ऑन-ॲक्टिव्ह=५एम आयपी लिंक सेट डेव्ह ईटीएच० एमटीयू १५००

पाच मिनिटांनी जुना आकडा परत बसेल. बदल चांगला ठरला तर टायमर रद्द करा, अडकलात तर पाच मिनिटं स्वस्थ बसा. फायरवॉलसाठी आधी आयपीटेबल्स-सेव्हने आजची यादी फाइलमध्ये घ्या आणि टायमरवर ती परत चढवणारी कमांड लावा. काही नेटवर्क कार्डांची लिंक एमटीयू बदलताना दोन-तीन सेकंद पडून उठते, तेव्हा घाबरून दुसरं काही दाबू नका. आणि १२८० च्या खाली जाऊ नका: आयपीव्ही६ला किमान तेवढे लागतातच, त्याखाली गेलात की लिनक्स त्या इंटरफेसवरचं आयपीव्ही६च बंद करतो आणि पत्तेही जातात. आयपीव्ही६वरून शिरला असाल तर तिथेच दोर कापला गेला.

दुरुस्ती

क्रम महत्त्वाचा. सगळ्यात आधी निरोपाला वाट:

आयपीटेबल्स -आय इनपुट १ -पी आयसीएमपी --आयसीएमपी-टाइप फ्रॅगमेंटेशन-नीडेड -जे ॲक्सेप्ट

यात -आयमधला आय मोठा, इनपुट आणि ॲक्सेप्टही मोठ्या अक्षरांत. आयपीव्ही६च्या यादीत हेच ‘पॅकेट-टू-बिग’साठी करा. ही ओळ घातल्याक्षणी लटकलेलं सेशन परत धाडण्याच्या पुढच्या खेपेला सुटतं. भाच्याची अडकलेली यादी त्याच जुन्या खिडकीत धडाधड ओतली गेली, त्याला नवं लॉगिनही करावं लागलं नाही. आयपी राउट गेट दुकानाचा-पत्ता असं विचारलं तर आता ‘एमटीयू १४९२’ आणि सोबत काही सेकंदांची मुदत दिसते. ही आठवण लिनक्स सहसा दहा मिनिटं ठेवतो.

दुसरं, राउटरवर एमएसएस उतरवणं. दुकानातल्या राउटरच्या पानावर ते ‘एमएसएस क्लॅम्पिंग’ नावाने सापडतं. राउटर लिनक्सचा असेल तर मँगल टेबलच्या फॉरवर्ड साखळीत टीसीपीएमएसएस नियम आणि त्याला --क्लॅम्प-एमएसएस-टू-पीएमटीयू. हे फक्त टीसीपीला लागू पडतं. यूडीपीवर चालणाऱ्या गोष्टींना, त्यात रिमोट डेस्कटॉपची यूडीपी वाटही आली, याचा उपयोग नाही. म्हणूनच ते दुसऱ्या क्रमांकावर.

तिसरं, सर्व्हरवर विम्यासारखं:

सिसकंट्रोल -डब्ल्यू नेट.आयपीव्ही४.टीसीपी_एमटीयू_प्रोबिंग=१

एरवी हा आकडा ० असतो. १ केल्यावर निरोप न येता पॅकेटं सारखी हरवू लागली की कर्नल स्वतःच आकार घटवून बघतो. २००७ च्या आरएफसी ४८२१ मधली ही पद्धत. सुटका होते, पण आधी काही सेकंद अडखळून. वाटेतला फायरवॉल आपल्या हातात नसतो तिथे मी हे हमखास लावतो.

सर्व्हरचा एमटीयूच १४०० करून मोकळं होणं मला पटत नाही. त्याने या एका दुकानाचं काम भागेल, पण त्याच रॅकमधल्या शेजारच्या सर्व्हरशी बोलतानाही तो विनाकारण छोटी पॅकेटं पाठवेल, आणि मेलेला निरोप मेलेलाच राहील.

जंबो फ्रेम: निरोप नसलेली अडचण

सर्व्हर आणि स्टोरेज यांच्यामधल्या खासगी नेटवर्कवर ९०००चा एमटीयू ठेवायची पद्धत आहे. मोठ्या बॅकअपला त्याचा फायदा होतो. इथे सगळी यंत्रं एकाच स्विचिंगच्या अंगणात असतात, मध्ये राउटर नाही, म्हणून निरोपही नाही. अशी एक अडचण गेल्या उन्हाळ्यात माझ्यापुढे आली: एनएफएस (नेटवर्कवरून वापरायची डिस्क) माउंट व्हायचं, छोट्या फोल्डरची यादी यायची, फाइल कॉपी करायला घेतली की थंड. टीसीपीडंप स्वच्छ, एकही निरोप नाही. -एस ८९७२ (९००० वजा २८) लावून तीन यंत्रांमध्ये जोडी-जोडीने पिंग केलं. एक ते दोन जात होतं, एक ते तीन नाही, दोन ते तीन नाही. तिसरं यंत्र ज्या स्विचवर होतं तो आदल्या आठवड्यात बदललेला, आणि त्याचे पोर्ट १५००वर.

अशा वेळी आयपी -एस -एस लिंक शोमध्ये येणाऱ्या चुकांखालचा ‘लेंग्थ’चा रकाना आणि ईथटूल -एसमधले (इथे एस मोठा) लाँग किंवा ओव्हरसाइज नावाचे काउंटर बघा. स्विचवर तेच ‘जायंट्स’ म्हणून मोजले जातात. दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचा. वाढणारा आकडा खरा. साठलेला जुना आकडा दिशाभूल करतो.

नियम असा की एका अंगणातल्या सगळ्या यंत्रांचा एमटीयू एकच. स्विचचा त्याहून मोठा असला तर चालतो, ९२१६ ठेवतात तो त्यासाठीच. स्विचच्या सेटिंगमध्ये ९००० लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका: काही कंपन्या तो आकडा फक्त पोटातल्या बाइटांचा धरतात, काही हेडरसकट फ्रेमचा. दुसऱ्या प्रकारात ९०००ची आयपी पॅकेटं जाणारच नाहीत, तिथे निदान ९०१८, टॅग असेल तर ९०२२ लागतात. लिनक्सचा ब्रिज (संगणकातला आभासी स्विच) त्याला जोडलेल्या पोर्टांपैकी सगळ्यात लहान आकडा उचलतो, आणि व्हीलॅनचा इंटरफेस मूळ इंटरफेसपेक्षा मोठा होऊ शकत नाही. एखादं जुनं व्हर्च्युअल मशिन ब्रिजला जोडलं आणि सगळ्यांचा आकडा १५००वर आला, असं यातूनच होतं.

सर्व्हरचा व्यवस्थापन पोर्ट, म्हणजे बंद सर्व्हर दुरून सुरू करण्याची ती वेगळी वाट, या जंबो नेटवर्कवर कधीच ठेवू नका. त्याचं स्वतःचं १५००चं साधं नेटवर्क असू द्या. सगळं बिघडल्यावर तीच वाट उरते. त्याचं वेब पान उघडतं पण दुरून जोडलेली आयएसओ इमेज अर्ध्यात थिजते, अशी तक्रार आली तर तिथेही वरचंच पिंग लावा.

टनेल, कंटेनर, क्लाउड

टनेलमध्ये आतला एमटीयू काढताना बाहेरची वाट मोजून मग वजाबाकी करायची. घरचं फायबर पीपीपीओईवर असेल तर वायरगार्डसाठी १४९२ वजा ८०, म्हणजे १४१२. संगणकाला आपल्या इंटरफेसवरचे १५००च दिसतात, राउटरमागचे १४९२ दिसत नाहीत, म्हणून तो आपणहून १४२०च धरतो. बाहेरची वाट आयपीव्ही४ असेतो हे खपून जातं (१४२० अधिक ६०, म्हणजे १४८०), आणि पुरवठादाराने आयपीव्ही६ सुरू केलं की एके दिवशी अडतं. आकडा हातानेच लिहा.

डॉकर प्रोग्रॅमना कंटेनर नावाच्या वेगळ्या खोल्यांत चालवतो, आणि त्याचा ब्रिज १५०० धरून चालतो. खालचा होस्ट व्हीएक्सलॅनवर १४५०चा असेल तर होस्टवरून सगळं चालेल आणि कंटेनरच्या आतून एचटीटीपीएस अडकेल. डॉकरच्या डेमन.जेसन फाइलमध्ये एमटीयू १४५० लिहून सेवा रीस्टार्ट करा, पण तो आकडा फक्त मूळ ब्रिजला लागतो; स्वतः बनवलेली नेटवर्कं नव्याने बनवताना त्यांना एमटीयू वेगळा द्या. क्लाउडमध्ये आकडे वेगळे असतात: गुगल क्लाउडचं नेटवर्क एरवी १४६०चं, ॲमेझॉनचं आतल्या आत ९००१पर्यंत आणि इंटरनेटकडे जाताना १५००. एकातून दुसरीकडे टनेल टाकताना लहान आकडा पकडून हिशोब करा.

कायमचं करणं

हातानं दिलेल्या कमांड रीबूटनंतर पुसल्या जातात. सिसकंट्रोलची ओळ ईटीसीमधल्या सिसकंट्रोल.डी फोल्डरमध्ये फाइल करून ठेवा, फायरवॉलची यादी सेव्ह करा, आणि एमटीयू नेटप्लॅनमध्ये किंवा एनएमसीएलआयने कनेक्शनमध्ये लिहा. डीएचसीपीचा सर्व्हरही पर्याय २६ मधून एमटीयू पाठवू शकतो आणि तो तुमच्या आकड्यावर बसू शकतो. नेटप्लॅनमध्ये यूज-एमटीयू: फॉल्स करून ते थांबवता येतं. विंडोजवर नेटएसएचच्या सबइंटरफेस कमांडला स्टोअर=पर्सिस्टंट जोडा, म्हणजे रीबूटनंतरही आकडा टिकतो.

दिवाळी झाल्यावर, दुकान बंद असताना, आम्ही सर्व्हर मुद्दाम रीबूट केला. भाच्याने दुकानातून बिलांची यादी मागितली, मी सर्व्हरवरून १४७२चं पिंग लावलं आणि पहिल्याच पॅकेटला निरोप आला: एमटीयू १४९२. तो आकडा, तारीख आणि फायरवॉलमधली ती ओळ सर्व्हरच्या नोंदवहीत लिहून भाच्याने खाली राउटरचं मॉडेल जोडलं.